अक्कलदाढ काढताना आलेली सूज: ॲलर्जी की हवा?

दाढ काढताना किंवा काढल्यानंतर लगेच चेहरा सुजला, की रुग्णाच्या, नातेवाइकांच्या आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही तोंडी पहिला शब्द येतो तो ‘रिॲक्शन’. भुलीचे इंजेक्शन नुकतेच दिलेले असते, सूज डोळ्यांदेखत वाढत असते, आणि या दोन गोष्टींची सांगड घालायला फारसा विचार लागत नाही. पुढे दिलेल्या प्रकरणात हीच सांगड घातली गेली. प्रत्यक्षात ती सूज कोणत्याही औषधाची नव्हती. दाढ कापण्यासाठी वापरलेल्या यंत्रातली दाबाची हवा हिरडीच्या चिरेतून आत शिरली होती आणि गालातून मानेत व मानेतून छातीत उतरली होती. हवा काही दिवसांत जिरून गेली. ‘लिग्नोकेनची ॲलर्जी’ (लिग्नोकेन म्हणजे जागा बधिर करणारे भुलीचे औषध) ही कागदावरची नोंद मात्र त्याहून कितीतरी चिवट निघाली, आणि रुग्णाचे अधिक नुकसान करण्याची ताकद माझ्या मते त्या नोंदीतच होती.

हे प्रकरण एकाच व्यक्तीच्या केसपेपरवरून जसेच्या तसे उतरवलेले नाही. या गुंतागुंतीच्या वैद्यकीय नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारा क्रम एका रुग्णाच्या रूपाने येथे मांडला आहे.

रुग्ण आणि शस्त्रक्रिया

रुग्ण ३१ वर्षांच्या होत्या. दमा, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काही नव्हते, रोजचे कोणतेही औषध सुरू नव्हते आणि कुटुंबात कोणाला अचानक ओठ किंवा घसा सुजण्याचा त्रास नव्हता. याआधी दोनदा दातांच्या उपचारासाठी त्यांना लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले गेले होते आणि दोन्ही वेळा काहीही झाले नव्हते. ही माहिती केसपेपरच्या पहिल्याच पानावर होती. पुढच्या गडबडीत ते पान कोणी उलटून पाहिले नाही.

तक्रार उजव्या बाजूच्या खालच्या अक्कलदाढेची होती. ती तिरकी वाढून पुढच्या दाढेला टेकली होती, अर्धी हाडात रुतलेली होती, आणि तिच्यावरची हिरडी अधूनमधून सुजून तोंड उघडणे कठीण होत असे. ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) पाहून दाढ शस्त्रक्रियेने काढायचे ठरले, आणि तो निर्णय योग्यच होता. ॲड्रेनलिन मिसळलेल्या २ टक्के लिग्नोकेनने जबड्याची नस बधिर केली गेली. हिरडीला चीर देऊन ती हाडापासून उचलली, दाढेभोवतीचे हाड थोडे काढले, दाढेचे दोन तुकडे केले आणि ते एकामागून एक बाहेर काढले. हाड आणि दाढ कापण्यासाठी रोज फिलिंगच्या वेळी हाताशी असतो तोच एअरोटर (दाबाच्या हवेवर फिरणारे, दात कोरण्याचे यंत्र) वापरला गेला. शेवटी खळगा पाण्याने धुऊन थ्री-वे सिरिंजच्या (हवेचा किंवा पाण्याचा झोत सोडणारे साधन) हवेने कोरडा केला आणि टाके घालायला घेतले.

दुसरा टाका चालू असताना रुग्णाने हाताने खूण करून गाल भरून आल्यासारखा वाटतो असे सांगितले. काही मिनिटांतच सूज जबड्याच्या कोपऱ्यापासून खालच्या पापणीपर्यंत चढली आणि उजवा डोळा जवळजवळ मिटला. दुखत नव्हते; अर्थात तो भाग बधिर असल्यामुळे दुखत नाही याला तेव्हा फारसा अर्थ नव्हता. अंगावर चट्टे नव्हते, खाज नव्हती, ओठ आणि जीभ नेहमीसारखी होती, श्वासाला घरघर नव्हती. नाडी थोडी जलद होती, पण रक्तदाब आणि ऑक्सिजनचे प्रमाण व्यवस्थित होते.

दंतवैद्यांनी टाका पुरा केला, रुग्णाला उठवून बसवले, अँटिहिस्टामिन (ॲलर्जीवरचे औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडची इंजेक्शने दिली आणि चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवले. चिठ्ठीत निदान लिहिले होते ‘लिग्नोकेनची ॲलर्जिक रिॲक्शन’, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हते.

या टप्प्यावर दंतवैद्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. खुर्चीतल्या रुग्णाचा चेहरा मिनिटागणिक फुगत असताना सर्वांत घातक शक्यता आधी मनात यावी, हेच प्रशिक्षणात शिकवलेले असते. माझा आक्षेप वेगळा आहे. हा खरोखरच ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, आहे असे वाटले असेल, तर प्रौढ व्यक्तीला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन देणे हा पहिला उपचार आहे, आणि अँटिहिस्टामिन किंवा स्टिरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. आणि तसे वाटले नसेल, तर निदान इतक्या ठामपणे लिहायला नको होते. उपचार अर्धवट संशयाचे आणि नोंद पूर्ण खात्रीची, असा हा मामला झाला.

रुग्णालयात

वाटेत रुग्णाला मळमळून दोनदा उलटी झाली, आणि त्यानंतर त्यांनी जोर लावून नाक शिंकरले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सूज मानेवरून गळ्याच्या हाडापर्यंत उतरली होती, आवाज पोकळ आणि नाकातून आल्यासारखा झाला होता, आणि गिळताना व खोल श्वास घेताना छातीच्या मधोमध हाडामागे दुखू लागले होते. इंजेक्शने देऊनही सूज वाढते आहे, याचा अर्थ रिॲक्शन तीव्र आहे, असा तर्क दारातच मांडला गेला. चिठ्ठीवरून नोंद संगणकात चढली आणि मनगटावर ॲलर्जीची लाल पट्टी बांधली गेली.

तपासणीत नाडी मिनिटाला ९६, रक्तदाब १२६/७८, श्वसनाचा वेग १८ आणि साध्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण ९८ टक्के होते. तोंड दोन बोटे उघडत होते, जीभ सुजलेली नव्हती, लाळ गिळता येत होती. इतक्या मोठ्या सुजेच्या मानाने रुग्णाची एकंदर स्थिती फारच चांगली होती, आणि ही विसंगती पहिल्यांदा खटकली ती तातडीच्या विभागातील निवासी डॉक्टरांना. त्यांनी सूज नुसती न पाहता तिच्यावर दोन बोटे ठेवून हलकेच दाबत गालापासून गळ्यापर्यंत नेली. बोटांखाली बारीक कुरकुर जाणवली, पॅकिंगच्या फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकवर बोट दाबावे तशी. ती कुरकुर दोन्ही बाजूंना गळ्याच्या हाडावरच्या खळग्यांपर्यंत लागत होती. मग रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून छातीच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप ठेवल्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर येणारा करकर असा आवाजही मिळाला. अमेरिकी वैद्य लुई हॅमन यांनी १९३९ मध्ये वर्णन केलेली ही खूण आहे. ती सापडली तर छातीच्या मध्यभागी, म्हणजे दोन फुप्फुसांमधल्या जागेत, हवा असण्याची शक्यता मोठी असते. मात्र ती सापडली नाही म्हणून हवा नाही असे म्हणता येत नाही.

ही कुरकुर म्हणजे त्वचेखालची हवा. ॲलर्जीच्या सुजेत ऊतींमध्ये द्रव साठतो, तो मऊ किंवा घट्ट लागतो, पण कुरकुरत नाही. दाताच्या उपचारानंतर लगेच येणाऱ्या सुजेची तिसरी शक्यता म्हणजे रक्तस्राव. इंजेक्शनची सुई शिरेला लागून गाल झटक्यात फुगू शकतो, पण ती सूज ताठर असते आणि पुढे निळसर पडते. ओठ, जीभ आणि पापण्या सुजवणारा अँजिओएडिमा रक्तदाबावरील काही गोळ्यांमुळे किंवा आनुवंशिक दोषामुळेही येतो. आनुवंशिक प्रकारात दाताचे काम हे ठरलेले निमित्त असते, सूज बहुधा काही तासांनी येते आणि अँटिहिस्टामिनला दाद देत नाही, त्यामुळे या रुग्णाबाबतही कुटुंबाचा इतिहास पुन्हा विचारावा लागला. जंतुसंसर्गाची सूज सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ताप आणि वेदनेसह येते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वायू तयार करणाऱ्या जंतूंच्या घातक संसर्गातही त्वचेखाली कुरकुर लागते. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सुरू झालेली कुरकुर आणि तीन दिवसांनी तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या मानेत सापडलेली कुरकुर यांचा अर्थ एक नाही. दुसऱ्या प्रकारची कुरकुर सापडली तर तातडीने शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते.

सीटी स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट झाले. उजव्या गालात, चावण्याच्या स्नायूभोवती, जबड्याखाली, घशाच्या बाजूला आणि घशामागे मणक्यांच्या पुढ्यात हवेचे काळे पट्टे दिसत होते, आणि ते अखंडपणे छातीच्या मध्यभागात उतरून श्वासनलिका व महाधमनीभोवती पसरले होते. फुप्फुसाभोवती हवा नव्हती. अन्ननलिकेला इजा झाल्याची चिन्हे नव्हती. उलटीनंतर छातीत दुखणे आणि छातीत हवा या जोडीत अन्ननलिका फाटल्याची शंका नेहमी घ्यावी लागते, म्हणून तीही तपासली गेली. येथे मात्र सूज उलटीच्या आधीपासून होती आणि हवेचा माग थेट दाढेच्या खळग्यापर्यंत पोहोचत होता.

हवा छातीपर्यंत पोहोचते कशी

दाढेचे काम आणि छातीत हवा, हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. शरीररचना माहीत असेल तर ते जवळजवळ अपेक्षितच ठरते. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळे जबड्याच्या आतल्या अंगाला, तोंडाचा तळ धरून ठेवणाऱ्या स्नायूच्या चिकटण्याच्या रेषेखाली उतरलेली असतात, आणि तिथले जिभेकडचे हाड पातळ असते. त्यामुळे दाढेच्या खळग्यातून निघालेली कोणतीही गोष्ट, मग ती पू असो किंवा हवा, तोंडात न येता जबड्याखालच्या मोकळ्या जागेत सहज जाते. तिथून घशाच्या बाजूची जागा, तिच्यामागे घशामागची जागा, आणि तिच्याही मागे मणक्यांलगतची एक अरुंद पोकळी, जी कवटीच्या तळापासून थेट श्वासपटलापर्यंत उतरते आणि जिला शरीररचनेच्या पुस्तकांत ‘धोक्याची जागा’ असेच नाव आहे. या सगळ्या जागा विरळ ऊतींनी भरलेल्या असतात. त्यांच्यामध्ये भिंती आहेत, पण दारे बंद नाहीत.

आता यंत्राकडे पाहू. एअरोटरचा बर, म्हणजे त्याचे कापणारे टोक, मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो, आणि त्याला फिरवते ती दाबाची हवा. दात थंड राहावा म्हणून बरच्या टोकावर पाण्याचा फवाराही हवेच्या जोरावर मारला जातो, आणि पुष्कळ हँडपीसमध्ये (यंत्राचा हातात धरायचा भाग) ही हवा हँडपीसच्या डोक्याच्या बाजूने, म्हणजे नेमकी काम चाललेल्या जागी, बाहेर पडते. दात भरताना याने काहीच बिघडत नाही, कारण समोर कडक दात आणि शाबूत हिरडी असते. हिरडी उचललेली असली, की तीच हवा हिरडी आणि हाड यांच्यामधल्या उघड्या फटीत घुसते. थ्री-वे सिरिंजने खळगा कोरडा करणे म्हणजे त्याच फटीत आणखी एक झोत सोडणे. हँडपीसच्या आतून येणारी ही हवा निर्जंतुक नसते; तिच्याबरोबर तेलाचे कण, पाणी आणि तोंडातले जंतूही आत जातात, आणि छातीच्या मध्यभागी होणारा संसर्ग हीच या प्रकारातली सर्वांत मोठी भीती असते.

जॉन बोर्डन यांचा एअरोटर १९५७ मध्ये बाजारात आला आणि दंतवैद्यकाचा वेगच बदलला. त्वचेखाली हवा शिरण्याचा प्रकार मात्र त्याहून जुना आहे. या विषयावरच्या लेखांत १९०० मधील टर्नबुल यांच्या नोंदीचा उल्लेख नेहमी येतो: त्यांचा रुग्ण बिगुल वाजवणारा होता, दात काढून घेतल्यानंतर त्याने बिगुल फुंकला, आणि चेहरा फुगला. तिथे यंत्र नव्हते. दाब त्याच्याच तोंडातला होता. आपल्या रुग्णाची सूज वाटेत का वाढली, याचे उत्तर या जुन्या नोंदीत सापडते. हवा आत ढकलायला एअरोटर पुरेसा असतो, पण एकदा वाट उघडली की उलटी, नाक शिंकरणे, जोराचा खोकला किंवा गाल फुगवून फुंकणे ती हवा पुढे सारत राहते. दवाखान्यातून निघताना ‘नाक शिंकरू नका’ एवढे एक वाक्य सांगितले गेले असते, तर हवा कदाचित मानेतच थांबली असती. औषधाच्या ॲलर्जीचे निदान केल्यावर ते वाक्य कोणाला सुचणार नाही, आणि चुकीच्या निदानाची ही पहिली प्रत्यक्ष किंमत होती.

यंत्राच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. हिरडी उचलून हाड कापायचे असेल तर ज्याची हवा मागच्या बाजूने बाहेर जाते असे शस्त्रक्रियेचे हँडपीस किंवा विजेच्या मोटरवर चालणारे हँडपीस वापरावे, आणि थंडाव्यासाठी निर्जंतुक सलाइन सोडावे. विजेचे हँडपीस सावकाश फिरते, फेरे लाखांत नव्हे तर हजारांत असतात, आणि दाढेचे तुकडे करायला वेळ अधिक लागतो. पण कामाच्या जागी हवा जात नाही. एअरोटरने शेकडो अक्कलदाढा काढल्या आणि काही झाले नाही, असे सांगणारे अनुभवी दंतवैद्य भेटतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. ही गुंतागुंत विरळा आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने ती पहिल्यांदा समोर येते तेव्हा ओळखली जात नाही.

उपचार

निदान पक्के झाल्यावर करण्यासारखे फारसे नव्हते, आणि न करण्याच्या गोष्टींची यादी मोठी होती. रुग्णाला निरीक्षणासाठी दाखल करून घेतले. गळ्यावर आणि छातीवर कुरकुर जिथे संपत होती तिथे त्वचेवर पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ लिहिली गेली, म्हणजे पुढच्या पाळीच्या डॉक्टरांना सूज वाढली की उतरली हे स्मरणावर अवलंबून न राहता कळावे. उजव्या डोळ्याची पापणी हाताने उघडून दृष्टी, बाहुलीची हालचाल आणि डोळा सर्व दिशांना फिरतो का हे ठरावीक वेळाने पाहिले गेले, कारण खोबणीत हवा कोंडून डोळ्याच्या नसेवर दाब आल्याची उदाहरणे क्वचित का होईना, नोंदलेली आहेत.

मास्कने ऑक्सिजन सुरू केला गेला. रक्तातले प्रमाण ९८ टक्के असताना ऑक्सिजन कशाला, असा प्रश्न नातेवाइकांनी विचारला आणि तो रास्त होता. ऊतींत अडकलेल्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन असतो आणि तो रक्तात सावकाश विरघळतो. रुग्ण अधिक ऑक्सिजन घेऊ लागला की रक्तातला नायट्रोजन कमी होतो, त्यामुळे ऊतींतला नायट्रोजन रक्ताकडे अधिक वेगाने ओढला जातो आणि हवा लवकर जिरते. याउलट दाबाने हवा देणारा मास्क येथे टाळायचा असतो. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायूही टाळायचा, कारण नायट्रोजन बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी तो कोंडलेल्या जागेत शिरतो आणि तिचे आकारमान वाढवतो.

संसर्गाच्या भीतीने शिरेतून प्रतिजैविक दिले गेले. ते सर्वांना द्यावेच का, यावर मतभेद असू शकतात. पण छातीपर्यंत तोंडातले जंतू पोहोचले असण्याची शक्यता असताना ते न देण्याचे धाडस मी तरी करणार नाही. उलटी थांबवणारे आणि वेदना कमी करणारे औषध दिले. नाक शिंकरणे, स्ट्रॉने ओढून पिणे, फुगे फुगवणे, धूम्रपान यांना मनाई केली. शिंक आली तर ती तोंड उघडे ठेवून येऊ द्यायची, असे समजावून सांगितले. हवा जिरेपर्यंत विमानप्रवास करायचा नाही, हेही आवर्जून सांगितले, कारण विमानाच्या आतला दाब साधारण २,४०० मीटर उंचीइतका कमी असू शकतो आणि तेवढ्याने कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडू लागला आणि गळ्यावरची कुरकुर ओढलेल्या रेघेच्या आत सरकली. ताप आला नाही, पांढऱ्या पेशींची वाढ शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित तेवढीच राहिली, गिळताना होणारी वेदना कमी झाली. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. ताप, वाढती छातीतली वेदना, श्वास लागणे, गिळता न येणे किंवा दिसण्यात फरक यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता परत यायचे, हे लिहून दिले गेले. दहाव्या दिवशी तपासणीत कुरकुर कुठेच लागली नाही आणि खळगा नीट भरून येत होता.

कागदावरची ॲलर्जी

शारीरिक प्रकरण येथे संपले. पण घरी सोडताना दिलेल्या कार्डावर निदान दोन ओळींत होते: वरच्या ओळीत त्वचेखालील व छातीतील हवा, आणि खालच्या ओळीत, संगणकातून आपोआप उतरलेली, लिग्नोकेनची ॲलर्जी. कोणीही खोटे लिहिले नव्हते. पहिल्या तासाभरातली शंका पुसायचे काम कोणाचेच नव्हते, एवढेच. ॲलर्जीची नोंद करायला एक क्षण पुरतो आणि ती कोणीही करू शकतो. ती काढायला मात्र कारण, पुरावा आणि सही लागते.

अशी नोंद वरवर निरुपद्रवी दिसते. लिग्नोकेन नाही तर दुसरे औषध वापरू, असे वाटते. प्रत्यक्षात आर्टिकेन, मेपिव्हेकेन, प्रिलोकेन आणि बुपिव्हेकेन ही सगळी औषधे लिग्नोकेनच्याच अमाइड नावाच्या रासायनिक गटातली आहेत, त्यामुळे सावध डॉक्टर ती सगळीच टाळतो. मग साधे फिलिंगही पूर्ण भूल देऊन करण्याचा विचार सुरू होतो, आणि पूर्ण भुलीचा धोका स्थानिक भुलीहून नक्कीच जास्त असतो. पुढे प्रसूतीच्या वेळी कमरेतून भूल द्यायची वेळ आली तर तिथेही हीच नोंद आडवी येते. ३१ वर्षांच्या स्त्रीच्या बाबतीत ही दूरची शक्यता नव्हे.

आणि ज्या गोष्टीसाठी हे सगळे सोसायचे ती अत्यंत दुर्मीळ आहे. अमाइड गटातल्या औषधांची खरी ॲलर्जी ही या औषधांनंतर होणाऱ्या त्रासांपैकी एक टक्क्याहूनही कमी वेळा असते असे मानले जाते. उरलेल्यांत घेरी येणे, भीतीने श्वास वाढणे, मिसळलेल्या ॲड्रेनलिनमुळे छातीत धडधडणे, किंवा औषध चुकून शिरेत जाणे, असेच प्रकार असतात. खऱ्या ॲलर्जीतही दोषी अनेकदा दुसराच कोणी निघतो: हातमोज्यांतले लॅटेक्स, खळगा धुण्याचे क्लोरहेक्सिडीन, किंवा आधी घेतलेले प्रतिजैविक. म्हणून ‘लिग्नोकेन’ हे नाव लिहिण्यापूर्वी त्या अर्ध्या तासात रुग्णाच्या शरीराला काय काय लागले याची पूर्ण यादी करणे आवश्यक असते. या रुग्णाच्या बाबतीत ती यादी नंतर, आठवून करावी लागली.

तातडीच्या विभागात एक चांगली गोष्ट घडली होती. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या काही तासांतच रक्तातील ट्रिप्टेजचा नमुना पाठवला होता. हे द्रव्य तीव्र ॲलर्जीत वाढते आणि काही तासांत उतरते, त्यामुळे नमुना वेळेवर घेतला तरच उपयोगी पडतो. निकाल सामान्य आला. केवळ त्यावरून ॲलर्जी नाही असे सिद्ध होत नाही, पण आधी दोनदा त्रासाविना घेतलेले औषध, चट्टे आणि खाज यांचा अभाव, स्थिर रक्तदाब आणि सुजेचे दुसरे, डोळ्यांनी दिसणारे कारण या सगळ्यांशी तो जुळत होता. माझ्या मते नोंद पुसायला एवढे पुरेसे होते. तरीही रुग्णाच्या मनात भीती बसली होती, आणि कागदावरच्या ओळीपुढे कोणी तोंडी खात्रीवर विसंबायला तयार नव्हते. म्हणून काही आठवड्यांनंतर ॲलर्जी विभागात आधी त्वचेवर चाचणी आणि मग देखरेखीखाली थोड्या थोड्या वाढत्या मात्रेने लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन पाहिले गेले. काहीही झाले नाही. विभागाने लेखी पत्र दिले: अमाइड गटातील स्थानिक भुलीची औषधे या रुग्णाला नेहमीप्रमाणे देता येतील, मागील सूज हवेमुळे होती, हिरडी उचलून करायच्या कोणत्याही शस्त्रक्रियेत हवेवर चालणारे, पुढून हवा सोडणारे हँडपीस वापरू नये.

त्या पत्राचे शेवटचे वाक्य मला सर्वांत उपयोगी वाटते. ‘ॲलर्जी नाही’ एवढेच लिहिले असते तर पुढच्या दंतवैद्याने तेच यंत्र उचलले असते. रुग्णाचा खरा धोका काय होता हे त्यात नेमके सांगितले आहे, आणि तो धोका रुग्णाच्या शरीरात नसून वापरलेल्या साधनात होता हेही त्यातून कळते.

डाव्या बाजूची अक्कलदाढ तशीच तिरकी होती आणि तिच्यावरची हिरडीही अधूनमधून सुजत होती. आठ महिन्यांनी ती तोंडाच्या शल्यविशारदांकडे काढली गेली: तेच २ टक्के लिग्नोकेन, विजेच्या मोटरचे हँडपीस, सलाइनचा थंडावा, खळगा कोरडा करायला हवेऐवजी सक्शन आणि गॉज. गाल दोन दिवस नेहमीसारखा सुजला, दाबल्यावर दुखला, आणि कुरकुरला नाही. रुग्णालयाच्या संगणकातील ॲलर्जीची नोंद पत्र दाखवल्यावर त्याच दिवशी काढली गेली. पहिल्या दवाखान्याच्या नोंदींत मात्र ती त्यानंतरही बराच काळ तशीच होती, कारण तिथे ती कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेली होती; रुग्णाने स्वतः जाऊन, पत्राची प्रत लावून, नवे कार्ड करून घेतले.